पॅसिफिक ओलांडताना: दिवसाचं विमान की रात्रीचं?

टोकियोहून संध्याकाळी ५ वाजता सुटलेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी १० वाजता उतरतं. उलट दिशेने, लॉस एंजेलिसहून दुपारी १२ला निघालेलं विमान टोकियोला दुसऱ्या दिवशी दुपारी पावणेपाचला पोचतं. नुसत्या तिकिटावरच्या वेळा पाहिल्या तर पहिलं विमान काळात मागे गेलं आणि दुसऱ्याला जवळजवळ २९ तास लागले असं वाटेल. प्रत्यक्षात पहिलं उड्डाण १० तासांचं आहे आणि दुसरं पावणेबारा तासांचं.

यातलं दिवसाचं विमान कोणतं आणि रात्रीचं कोणतं, हे सुटण्याच्या वेळेवरून ठरवायला गेलं की फसगत होते. पॅसिफिकवर ते आधी दिशेवरून ठरतं आणि मग घड्याळावरून. एकाच मार्गावर दोन विमानं दिसत असतील, भाडंही जवळपास सारखंच असेल, तर निवड करताना सूर्याचं घड्याळ, शरीराचं घड्याळ आणि विमानतळाचं घड्याळ वेगवेगळं पाहावं लागतं. इथल्या सगळ्या वेळा अमेरिकेतल्या हिवाळी वेळेप्रमाणे आहेत आणि हिशेब समजावा म्हणून पूर्णांकाच्या जवळ आणल्या आहेत.

खिडकीबाहेरचं घड्याळ

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. लॉस एंजेलिस सुमारे ११८ अंश पश्चिमेला आहे आणि टोकियोचा नारिता विमानतळ १४० अंश पूर्वेला. पॅसिफिकच्या बाजूने मोजलं तर दोघांत सुमारे १०१ अंशांचं अंतर पडतं, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने पावणेसात तास.

पूर्वेकडे जाताना तुम्ही सूर्याला सामोरे जाता. १० तासांच्या उड्डाणात बाहेरचं सौर घड्याळ १० अधिक पावणेसात, म्हणजे पावणेसतरा तास पुढे सरकतं. विमानातला एक तास म्हणजे बाहेरचा एक तास चाळीस मिनिटं. दिवस-रात्र समान असण्याच्या सुमाराला १२ तासांची रात्र या वेगाने साधारण सव्वासात तासांत उरकते. संध्याकाळी ५ला टोकियो सोडलं की अर्ध्या तासात सूर्य मावळतो, आणि टोकियोच्या घड्याळात रात्रीचे साडेबारा वाजतात तेव्हा खिडकीबाहेर उजाडायला लागलेलं असतं. शरीर मध्यरात्रीत असतं आणि आकाशात पहाट झालेली असते. पूर्वेकडचा प्रवास पश्चिमेकडच्या प्रवासापेक्षा जास्त का थकवतो, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

पश्चिमेकडे हेच गणित उलटं होतं. पावणेबारा तासांतून पावणेसात तास वजा केले की उरतात ५. दुपारी १२ला लॉस एंजेलिस सोडलेल्या विमानाच्या बाहेर, अख्ख्या प्रवासात, सूर्य फक्त पाच तासांइतका सरकतो. दुपार सुरू होते आणि लांबत राहते. डिसेंबरात वरच्या अक्षांशांवर सूर्य लवकर मावळतो, त्यामुळे शेवटी संधिप्रकाश लागू शकतो. बाकीच्या काळात सगळा प्रवास उजेडात होतो.

हे इतकं ठळक का जाणवतं, तेही पाहण्यासारखं आहे. विषुववृत्तावर सूर्यप्रकाशाची सीमा पश्चिमेकडे ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने सरकते. जसजसं उत्तरेला जावं तसा हा वेग कमी होतो, आणि ५७ अंश अक्षांशाच्या आसपास तो ताशी ९०० किलोमीटरवर येतो. जेट विमानाचा वेगही साधारण तेवढाच. अमेरिकेहून पूर्व आशियात जाणारे बरेच मार्ग अलास्काच्या आणि अल्यूशन बेटांच्या जवळून जातात, म्हणजे या पट्ट्याच्या शेजारून. तिथे सरळ पश्चिमेला जाणारं विमान सूर्याची जवळजवळ बरोबरी करतं.

सूर्याची बरोबरी होते तशी अंधाराचीही होते. सॅन फ्रान्सिस्कोहून रात्री साडेबाराला सुटलेलं हाँगकाँगचं विमान साडेचौदा तासांनी, हाँगकाँगच्या सकाळी सातला उतरतं. सौर घड्याळ या काळात फक्त सव्वासहा तास पुढे गेलेलं असतं. वर्षाच्या बऱ्याच काळात हा सगळा प्रवास अंधारात होतो. विमानात नीट झोपू शकणाऱ्यांना याहून लांब रात्र क्वचितच मिळेल.

जाता-येता वेळेत पावणेदोन तासांचा फरक पडतो तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जेट प्रवाहामुळे, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्यामुळे. हिवाळ्यात जपानवर तो ताशी ३०० किलोमीटरच्या पुढेही जातो. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून तो मोजला आणि निष्कर्ष एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापले. जगाचं त्याकडे लक्ष जायला पुढे बराच काळ लागला. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं, तेही याच वाऱ्यासाठी. अंतर वाढून सुमारे १५,३०० किलोमीटर झालं, पण वारा पाठीशी असल्याने वेळ साडेचौदा तासांवर आला. परतीचं विमान अटलांटिकवरून, पुन्हा पूर्वेकडेच. म्हणजे एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण.

पूर्वेकडे पर्याय कमीच

टोकियोहून लॉस एंजेलिसला सकाळी १०ला निघायचं ठरवलं तर उतरायची वेळ येते पहाटेचे ३. तेव्हा पुढचं विमान नाही, गाडी भाड्याने देणारी खिडकी बंद, हॉटेलची खोली मिळायला बारा तास अवकाश. म्हणून जपानहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला सुटणारी विमानं साधारण दुपारी ३ ते रात्री १ या पट्ट्यात गोळा झालेली दिसतात. दुपारी ३ला निघालं की सकाळी ८ला उतरतं. रात्री १ला निघालं की आदल्या तारखेच्या संध्याकाळी ६ला.

न्यूयॉर्कचं तसं नाही. सकाळी ११ला टोकियो सोडलं की पावणेतेरा तासांनी न्यूयॉर्कच्या सकाळी पावणेदहाला उतरता येतं, आणि तशी विमानं आहेतही. मात्र त्यांना दिवसाची विमानं म्हणणं फसवं आहे. निघता दिवसा, पोचता दिवसा, पण मध्ये एक आखूड रात्र लागते आणि ती टोकियोच्या दुपारी-संध्याकाळी लागते. त्या वेळी झोप येत नाही, आणि उतरल्यावर शरीरात रात्रीचे पावणेबारा वाजलेले असताना पुढे न्यूयॉर्कचा अख्खा दिवस काढायचा असतो.

पश्चिम किनाऱ्यासाठी संध्याकाळी ५चं आणि मध्यरात्रीचं असे दोन पर्याय असतील, तर आमचा कौल मध्यरात्रीच्या विमानाला. ५च्या विमानात शरीराची झोपायची वेळ प्रवासाच्या निम्म्यावर येते. तोवर जेवण झालेलं, दोन सिनेमे पाहून झालेले असतात. १०-११च्या सुमाराला डोळा लागतो आणि दोनअडीच तासांनी उजेड येतो, नाष्ट्याची गाडी येते. हाती झोप येते दोन-अडीच तासांची. मध्यरात्री सुटणाऱ्या विमानात मात्र शरीर आधीच झोपायला तयार असतं. फक्त एक पथ्य पाळावं लागतं: जेवण विमानतळावरच उरकून घ्यायचं. उड्डाणानंतर पहिलं जेवण देऊन ट्रे उचलेपर्यंत दीडएक तास जातो, आणि उतरण्याआधी अडीच तास दिवे लागून नाष्टा सुरू होतो. १० तासांतून हे वजा केलं की सहा तास उरतात. पहिलं जेवण सोडलं तर साडेसात. चढल्याबरोबर विमान सेविकेला ‘जेवणासाठी उठवू नका’ असं सांगावं आणि पट्टा पांघरुणाच्या वरून बांधावा, म्हणजे हादरे बसायला लागले की तो तपासायलाही कोणी उठवत नाही.

अपवाद एकच. उतरून त्याच दिवशी शिकागो, डॅलस, अटलांटा असं आत जायचं असेल तर संध्याकाळी ५चं विमान बरं. सकाळी १०ला उतरून इमिग्रेशन, सामान, पुन्हा तपासणी यांना तीन तास धरले तरी दुपारची विमानं हाती राहतात. मध्यरात्रीच्या विमानाने संध्याकाळी ५ला उतरलात तर पुढे रात्रभराचं आणखी एक विमान, नाहीतर मुक्काम.

पश्चिमेकडे खरी निवड

अमेरिकेहून आशियाकडे आणि ऑस्ट्रेलियाकडे जाताना मात्र दोन्ही प्रकार मिळतात. टोकियोला बहुतेक विमानं सकाळी उशिरा ते दुपारी सुटतात. हाँगकाँग, सिंगापूर, तैपेईसाठी दुपारचीही आहेत आणि रात्री ११ ते १च्या दरम्यानचीही. सिडनीची बरीचशी रात्री १०-११ला.

विमान कंपन्या वेळ ठरवताना आधी पाहतात ती पुढची-मागची जोडणी. न्यूयॉर्क किंवा बॉस्टनहून पहाटे सहाला निघालेला माणूस लॉस एंजेलिसला साडेनऊला पोचतो. त्याला दुपारी १२चं टोकियो विमान मिळतं. ते संध्याकाळच्या आत पोचतं आणि तिथून आशियात जाणारी विमानांची लाट पकडता येते. नॉर्थवेस्ट या अमेरिकी कंपनीने आणि २००८ मध्ये ती डेल्टात विलीन झाल्यावर डेल्टाने नारितावर वर्षानुवर्षं हेच केलं: अमेरिकेची विमानं दुपारी येणार, प्रवासी अदलाबदल करणार, संध्याकाळी विमानं आशियाकडे आणि अमेरिकेकडे सुटणार. डेल्टाने मार्च २०२० मध्ये सगळी उड्डाणं हानेडाला नेली आणि नारितातला तो अध्याय संपला.

सिडनीसाठी सकाळी १०चं विमान ठेवलं तर पूर्व किनाऱ्याहून येणाऱ्यांना आदल्या रात्री लॉस एंजेलिसला राहावं लागेल. रात्री साडेदहाचं ठेवलं तर अमेरिकेच्या कुठल्याही शहरातून त्याच दिवशी येऊन ते गाठता येतं, आणि सिडनीला सकाळी उतरून मेलबर्न-ब्रिस्बेनची विमानंही मिळतात. त्यात सिडनी विमानतळावर रात्री ११ ते सकाळी ६ कर्फ्यू आहे, १९९५ च्या कायद्याने घातलेला. सकाळी १०ला सुटलेलं विमान रात्री ८ला उतरेल. निघायला तीन तासांहून अधिक उशीर झाला की उतरण्याची वेळ कर्फ्यूत जाते. रात्रीच्या विमानाला अर्धा दिवस उशीर झाला तरी ही भीती नाही.

आता प्रवाशाच्या बाजूने. लॉस एंजेलिसहून सिडनीला जाताना घड्याळ १९ तास पुढे करायचं असतं, पण शरीराच्या दृष्टीने ते फक्त ५ तास मागे जाणं आहे. रात्री साडेदहाला निघून, १२ तासांहून अधिक अंधारात, आठ तास झोपून सकाळी साडेआठला उतरलं की शरीरात दुपारचे दीड वाजलेले असतात. सिडनीची रात्रीची १०ची वेळ म्हणजे शरीराच्या पहाटेचे ३. ताणून जागं राहणं जमतं. इथे रात्रीचं विमान खरंच चांगलं आहे.

सिंगापूरचं गणित वेगळं आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून रात्री ११ला निघून १७ तासांनी सकाळी ८ला उतरलात, की शरीरात दुपारचे ४ वाजलेले असतात. पुढे सिंगापूरचा पूर्ण दिवस पडलेला आहे आणि त्याचा मोठा भाग शरीराच्या रात्रीत येतो. दुपारी ३ची बैठक म्हणजे शरीराचे रात्रीचे ११. याउलट सकाळी १०ला निघालेलं विमान संध्याकाळी ७ला उतरतं. शरीरात पहाटेचे ३ वाजलेले असतात, डोळे मिटत असतात आणि समोर रात्रच असते. अंघोळ करा, हलकं खा, झोपा. टोकियो, सोल, हाँगकाँग, सिंगापूर अशा ७ ते ९ तास मागे सरकण्याच्या प्रवासात आम्ही दिवसाच्याच विमानाची शिफारस करतो, आणि पोचल्यावर पहिल्या दिवशी महत्त्वाचं काम असेल तर आग्रहाने.

त्याची किंमत आहे, हेही सांगायला हवं. प्रवासाचा दिवस पूर्ण जातो, आणि बसून काढायचे १२ ते १७ तास जागेपणी काढावे लागतात. गुडघ्याचं, पाठीचं दुखणं असेल तर हे तास लांब वाटतात. अशा विमानात बाहेर लख्ख ऊन असलं तरी पहिलं जेवण झालं की क्रू खिडक्या मिटायला सांगतो. बोईंग ७८७ मध्ये तर काचा एकाच बटणाने गडद केल्या जातात. तासाभराहून जास्त झोपायचं नाही असं ठरवलं असेल तर डोक्यावरचा वाचायचा दिवा लावून ठेवा. ऊन नको असेल तर पश्चिमेकडे जाताना उजव्या बाजूची खिडकी घ्या; सूर्य डावीकडे आणि समोर असतो.

हानेडाचे रात्रीचे स्लॉट

वेळापत्रक चुकलं की काय होतं, त्याचं उत्तम उदाहरण टोकियोच्या हानेडा विमानतळावर सापडतं. हानेडा शहराला लागून आहे, नारिता लांब. ऑक्टोबर २०१० मध्ये हानेडाची चौथी धावपट्टी आणि आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झालं, आणि अमेरिका–जपान करारात दोन्ही देशांच्या कंपन्यांना रोजच्या चार-चार फेऱ्यांचे स्लॉट, म्हणजे उतरण्या-सुटण्यासाठी राखलेल्या वेळा, मिळाले. अट एक होती: उतरणं आणि सुटणं रात्री १० ते सकाळी ७ या वेळेतच.

लॉस एंजेलिससाठी ही अट फारशी आड येत नाही. संध्याकाळी सव्वापाचला निघून रात्री १०ला हानेडा. रात्री १२ नंतर निघून आदल्या संध्याकाळी ५ला परत. न्यूयॉर्कसाठी मात्र सगळं बिघडतं. रात्री १०ला उतरायचं तर न्यूयॉर्कहून संध्याकाळी ६ला निघावं लागतं. सामान घेऊन बाहेर येईपर्यंत शेवटच्या लोकल गाड्यांची वेळ झालेली, पुढे जाणारी विमानं संपलेली. परतताना सकाळी ७च्या आत सुटायचं, म्हणजे प्रवाशाने गाड्या सुरू होण्याआधी पहाटे साडेचारला विमानतळावर हजर व्हायचं, आणि न्यूयॉर्कला उतरायचं पहाटे साडेपाचला. अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्क–हानेडा फेरी फेब्रुवारी २०११ मध्ये सुरू केली आणि २०१३ च्या अखेरीस बंद केली. विमानतळ शहराच्या दारात असूनही वेळ चुकीची असेल तर त्याचा उपयोग होत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये करार बदलला, त्या वर्षीच्या हिवाळी वेळापत्रकापासून दिवसाचे स्लॉट मिळाले, आणि २०२० मध्ये दोन्ही बाजूंना आणखी बारा-बारा.

नारितावर उलटी मर्यादा आहे. तिथे १९७८ पासून रात्री ११ ते सकाळी ६ उड्डाणं बंद असायची. ऑक्टोबर २०१९ पासून एका धावपट्टीवर ती मर्यादा रात्री १२पर्यंत सरकली. त्यामुळे जपानहून मध्यरात्रीनंतर सुटणारं अमेरिकेचं विमान हवं असेल तर हानेडाच पाहा.

विमान उभं का राहतं

एका विमानाने रोज एक फेरी करायची तर जाणं, येणं आणि दोन्हीकडची तयारी मिळून २४ तासांत बसली पाहिजे. लांब पल्ल्याच्या विमानाला रिकामं करणं, साफ करणं, इंधन, जेवण, माल भरणं यांना दोनएक तास लागतात. टोकियो–लॉस एंजेलिसला १० अधिक पावणेबारा अधिक ४, म्हणजे पावणेसव्वीस तास होतात. थोडक्यासाठी हुकतं. सिएटल जवळ असल्याने तिथे साडेतेवीसच्या आसपास कागदावर बसतं, पण हिवाळ्यातल्या उलट्या वाऱ्यात तेही निसटतं.

सिडनी–लॉस एंजेलिसला हवेतले साडेअठ्ठावीस तास. म्हणजे दोन विमानं, म्हणजे ४८ तासांचं चक्र, म्हणजे साडेएकोणीस तास जमिनीवर. सकाळी लवकर लॉस एंजेलिसला आलेलं विमान रात्री साडेदहापर्यंत उभं राहतं. हा वेळ वाया जाऊ नये म्हणून क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीने तिथे ए३८० मावेल एवढा हँगर बांधला. तो २०१७ च्या सुरुवातीला सुरू झाला, आणि देखभालीची कामं दिवसा तिथे होऊ लागली. कोट्यवधी डॉलरचं विमान दिवसभर रिकामं उभं दिसलं तर तो निष्काळजीपणा नसतो. प्रवाशांना सोयीची रात्र मिळावी याची ती किंमत असते.

वैमानिकांच्या नियमांतही दिवस आणि रात्र वेगळे मोजले जातात. अमेरिकी कंपन्यांना लागू असलेला भाग ११७ हा नियम जानेवारी २०१४ मध्ये अंमलात आला. चार वैमानिक आणि स्वतंत्र बंकची पहिल्या दर्जाची विश्रांतीची जागा असेल, तर सकाळी ७ ते दुपारी १च्या आत हजर झालेल्या क्रूला १९ तासांची ड्यूटी चालते. तोच क्रू संध्याकाळी ५ नंतर हजर झाला तर मर्यादा १७ तास. रात्री साडेदहाच्या सिडनी विमानासाठी क्रू नऊला हजर होतो. दीड तास अधिक १५ तास, म्हणजे साडेसोळा. हाती उरतो अर्धा तास. निघायला थोडा उशीर झाला की ‘क्रूची वेळ संपली’ म्हणून विमान रद्द होतं किंवा दुसरा क्रू शोधावा लागतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच गणित असतं. सकाळच्या विमानाला दोन तास जास्त मोकळीक आहे. मर्यादा ड्यूटी सुरू होण्याआधी मोजली जाते आणि उशिरासाठी थोडी वाढवता येते, पण रात्रीच्या विमानात हाताशी मोकळा वेळ कमी असतो हे खरं.

मुंबईहून सिंगापूरमार्गे

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, बे एरियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी बरेच जण, आणि त्यांना भेटायला जाणारे आईवडील, हा मार्ग घेतात. मुंबई–सॅन फ्रान्सिस्को घड्याळात हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक आहे, म्हणजे जवळजवळ पूर्ण उलट. अशा फरकात शरीर पुढे सरकेल की मागे, हे उजेडावर ठरतं.

एक जोडणी अशी: मुंबईहून रात्री पावणेबाराला निघून सिंगापूरला सकाळी साडेसात, तिथून साडेनऊला सॅन फ्रान्सिस्कोचं विमान, उतरणं सकाळी ८च्या सुमाराला. दुसरी अशी: मुंबई दिवसा सोडायची, सिंगापूरहून रात्री ८ला निघायचं, सॅन फ्रान्सिस्कोला संध्याकाळी पावणेसातला उतरायचं. दुसरी सोयीची वाटते, कारण भारतातली रात्र विमानात येते. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या घड्याळात तो सगळा प्रवास पहाटे ४ ते संध्याकाळी पावणेसात असा, म्हणजे तिथल्या दिवसात होतो. झोप पूर्ण करून उतरता, शरीरात सकाळचे सव्वाआठ वाजलेले असतात आणि बाहेर रात्र पडते. ती रात्र टक्क डोळ्यांनी जाते.

पहिल्या जोडणीत मुंबई–सिंगापूर टप्प्यात झोप मोडते, हे वाईट. पण पुढच्या विमानाचे शेवटचे सात तास सॅन फ्रान्सिस्कोच्या रात्री १ ते सकाळी ८शी जुळतात. सिंगापूर सोडल्यावर पहिले सात तास जागं राहा, मधलं जेवण घ्या, मग डोळ्यांवर पट्टी आणि कानांत बोळे घालून झोपा. आदल्या रात्रीच्या अर्धवट झोपेमुळे ती लागतेही. ज्येष्ठांसाठी आम्ही हीच जोडणी सुचवू. सिंगापूरला दोन तासांऐवजी चार-पाच तास मिळतील असं पाहावं, आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवावी.

उतरल्यावर उजेड कधी घ्यायचा

‘उतरलं की उन्हात फिरा’ हा सल्ला अर्धवट आहे आणि कधी कधी उलटा पडतो. शरीराचं तापमान रोजच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन तास सर्वांत कमी असतं. सातला उठणाऱ्याचं पहाटे ५ला. या क्षणाच्या आधीच्या तासांत डोळ्यांवर पडलेला उजेड शरीराचं घड्याळ मागे ढकलतो, नंतरचा पुढे ओढतो.

टोकियोहून लॉस एंजेलिसला आलेल्याला ७ तास पुढे सरकायचं असतं. टोकियोचे पहाटेचे ५ म्हणजे लॉस एंजेलिसचे दुपारचे १२. सकाळी १०ला उतरून तो लगेच उन्हात उभा राहिला तर घड्याळ चुकीच्या दिशेला जातं. त्याने दुपारी १२पर्यंत गडद चष्मा लावावा, सावलीत राहावं, आणि १२ ते ४ मात्र मोकळ्यावर घालवावेत. दुसऱ्या दिवशी हीच सीमा ११ला, तिसऱ्या दिवशी १०ला. पूर्वेकडे गेल्यावर शरीर दिवसाला साधारण एक तास जुळवतं, पश्चिमेकडे दीड तास.

लॉस एंजेलिसहून टोकियोला गेलेल्याला ही काळजी कमी. त्याच्या शरीराच्या तापमानाचा नीचांक टोकियोच्या रात्री १०ला येतो, म्हणून संध्याकाळचा उजेड त्याला हव्या त्या दिशेलाच नेतो. त्याचा त्रास वेगळा असतो: पहिल्या दोन-तीन रात्री २-३ वाजता जाग येते. तेव्हा मोठा दिवा लावू नये, मोबाइल उघडू नये, अंधारात पडून राहावं.

तारखेचे सापळे

हानेडाहून ‘१० तारखेला ००:०५’ असं तिकीट असेल तर विमानतळावर जायचं ९ तारखेच्या रात्री. हे विमान लॉस एंजेलिसला ९ तारखेच्या संध्याकाळी उतरतं, तेव्हा हॉटेल ९ पासून घ्यायचं. लॉस एंजेलिसहून मंगळवारी रात्री सुटलेलं सिडनीचं विमान गुरुवारी सकाळी उतरतं. बुधवार आंतरराष्ट्रीय वाररेषेवर विरघळतो, आणि त्या तारखेचं बिल, परीक्षा किंवा व्हिसाची मुदत असेल तर ती आधीच पाहायला हवी. इन्सुलिनसारखी वेळेला बांधलेली औषधं तारखेवरून घेऊ नका. मागच्या मात्रेनंतर किती तास झाले यावर घ्या, आणि निघण्याआधी तासांचा तक्ता डॉक्टरांकडून लिहून घ्या.

अमेरिकेतलं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातं. विमान कंपन्यांचं उन्हाळी वेळापत्रक मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या. जपान, सिंगापूर आणि भारत घड्याळ बदलतच नाहीत. सिडनी एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी बदलते. म्हणून लॉस एंजेलिस–सिडनी फरक वर्षभरात १७, १८ आणि १९ तास असा तिन्ही असतो. मार्च, एप्रिल, ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरातलं तिकीट सहा महिने आधी काढलं असेल, तर प्रवासाच्या महिनाभर आधी सुटण्याची वेळ पुन्हा तपासा आणि पुढच्या विमानापर्यंतचं अंतर नव्याने मोजा. तासाभराची जोडणी असेल तर तो एक बदललेला तासच तिला गिळू शकतो.